ही ओळ मला कळली नाही

प्रिय पिटुकले,

तुझा निरोप पोचला. एवढासा निरोप, पण आल्यापासून मी तो मनात घेऊन फिरते आहे, आणि काल भाजीत दोनदा मीठ पडलं ते त्याच्याच पायी. 'आत्या, यापुढे रविवारी बाबाला फोनवर आणू नकोस. मी कोण ते त्याला कळत नाही. माझा आवाज ऐकला की तोंड फिरवतो, हे तूच सांगतेस. त्यालाही त्रास, मलाही त्रास. सुट्टीत येणार होते, तेही आता राहू दे.' वाचल्या वाचल्या मी फोनकडे हात नेला होता, नाही असं नाही. पण तुझा बाबा इथेच असतो, हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावर. त्याच्याविषयी त्याच्यासमोर बोलायचं म्हणजे तो खोलीत नसल्यासारखं बोलावं लागतं, आणि ते माझ्याच्याने होत नाही. शिवाय फोनवर तू मला मधेच तोडतेस. कागदाला कुणी मधे तोडू शकत नाही, म्हणून आज चांगली बैठक मारून लिहायला बसले आहे. नमनाला घडाभर तेल जाईल, ते सोसून घे. सांगायचं आहे ते एकच: त्याला तू कळतेस. पण नुसतं असं म्हटलेलं तुला पटायचं नाही. तू पडलीस मास्तरीण, तुला उत्तराबरोबर रीतही लागते. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

आमच्या दुपारी कशा असतात ते तुला ठाऊक नाही. जेवणं उरकली की मी भांडी विसळते, तोवर तो खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि डाव्या हाताने टीव्ही लावतो. टीव्हीला त्याचा तो जुना कॉम्प्युटर जोडलेला असतो. पडद्यावर काही नसतं, नुसता निळा रंग, आणि कोपऱ्यात एक चौकोन उघडमीट करत असतो. पडदे ओढून घेतले की ती निळाई भिंतीवर, छतावर, त्याच्या पांढऱ्या केसांवर पसरते आणि आमची खोली पाण्याखाली गेल्यासारखी होते. मग आम्ही दोघं त्या पाण्यात तरंगत बसतो. तो डुलकी घेतो, पण बोटं गुडघ्यावर चालूच असतात, झोपेतही काहीतरी टाइप करत असतो. खाली जिन्यापाशी लिफ्ट थांबली की झोपेतच त्याची भुवई वर जाते. इतकी वर्षं ती लिफ्ट त्याने दुरुस्त केली, तिचा श्वास त्याला ओळखू येतो. मीही डोळे मिटते. कधी कधी जागी होते तेव्हा आपण कुठल्या वर्षात आहोत हेच मला पटकन आठवत नाही. वाटतं, आत्ता तू शाळेतून येशील, दप्तर फेकशील आणि विचारशील, आज तरी कार्टून लावू देणार का?

तो कॉम्प्युटर घरात आला तो दिवस तुला आठवतो का, कोण जाणे. तू दाराच्या कडीला जेमतेम हात पोचेल एवढी होतीस. तुझा बाबा कामावरून आला तो काखेत काहीतरी रेनकोटात गुंडाळून, चोरासारखा. उघडून बघतो तर काय, नुसती बटणांची पाटी, रबरी बटणं, ना पडदा ना काही. तो म्हणाला, हा कॉम्प्युटर, पडदा आपल्या टीव्हीचाच वापरायचा. झालं! टीव्ही गेला, तुझी कार्टून गेली, वहिनीच्या, तुझ्या आईच्या, मालिका गेल्या. वहिनी म्हणाली, सवत आणलीत ती आणलीत, निदान चार तोळे अंगावर घालून तरी आणायची. ती गेली, आणि तिच्यासारखं बोलणारं या घरात पुन्हा कुणी झालं नाही. त्या सवतीचे लाड तरी किती! कॅसेट लावून तिला प्रोग्रॅम भरवावा लागायचा, आणि तो भरत असताना कुणी टेबलाला धक्का लावला की सगळं पहिल्यापासून. म्हणून सगळं घर चवड्यांवर चालायचं. टेपरेकॉर्डरमधून किर्र किर्र आवाज यायचा, कान किटवणारा, पण तू त्याच आवाजात माझ्या मांडीवर झोपी जायचीस. मी तेव्हा नाटकाच्या दौऱ्यांमधून अधूनमधून यायचे आणि मला वाटायचं, या घरात लोक बाळाला निजवतात तसं यंत्राला उठवतात.

आता ऐक. तुझ्या बाबाने एवढी वर्षं ज्या कंपायलरपायी डोळे फोडले, तो मुळात का जन्माला आला हे तुला कुणी सांगितलं आहे का? तो स्वतः सांगणार नाही. बोलता येत होतं तेव्हाही त्याने सांगितलं नाही. तुला त्या पडद्यावर होडी काढायची होती. बाबाच्या पुस्तकातून बघून, एका बोटाने, जीभ बाहेर काढून तू सगळं टाइप केलंस. मग ते सुरू करायचं बटण दाबलंस आणि यंत्राने भोंगा वाजवला. त्या यंत्राला फक्त आकडे कळायचे. आपले शब्द त्याला आकड्यांत करून सांगायला कंपनीने आत एक दुभाषा बसवला होता, आणि तो दुभाषा मोठा खाष्ट होता. एक ओळ ऐकायचा, लगेच तोंड उघडायचा. काही चुकलं की तिथेच थांबून, भोंगा वाजवून, 'चूक' म्हणून पडद्यावर लिहायचा. तू दुरुस्त केलंस, पुढच्या ओळीला पुन्हा भोंगा. पुन्हा दुरुस्त, पुन्हा भोंगा. शेवटी तू टेबलाखाली जाऊन बसलीस आणि म्हणालीस, मला येतच नाही, मी ढ आहे. वहिनीने समजावलं, मी समजावलं. तुझा बाबा मात्र तुझ्याकडे न बघता त्या पडद्याकडे बघत राहिला. मग एवढंच म्हणाला, यंत्राला कळलं नाही तर चूक पोरीची कशी?

एवढ्यावरून त्याने ते आरंभलं. दिवसभर लिफ्टच्या विहिरींत लोंबकळायचं, घरी येऊन हात धुवायचे आणि त्या पाटीपुढे बसायचं. मी एकदा विचारलं, अरे, कंपायलर म्हणजे असतं तरी काय? तो म्हणाला, दुभाषाच, पण घरंदाज. तो आधी तुमचं सगळं ऐकून घेतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधे तोंड न घालता. मग एकदाच सगळ्याचं भाषांतर करून यंत्राच्या हाती देतो. त्यामुळे काम भराभर होतं, हे खरं कारण. लोकांना त्याचंच अप्रूप. पण मला वाटतं तुझ्या बाबाला आवडलं ते मधे तोंड न घालणं. आणि कुठे अडलंच, तर त्याच्या कंपायलरने काय म्हणायचं तेही त्याने ठरवून टाकलं होतं. भोंगा नाही. 'चूक' हा शब्द नाही. पडद्यावर शांतपणे अक्षरं यायची: 'ही ओळ मला कळली नाही. पुन्हा सांगशील?' ती अक्षरं त्या यंत्रात नव्हतीच, ती त्याने ठिपका ठिपका मांडून स्वतः काढली. त्याचा 'ळ' चष्म्यासारखा दिसतो, अजूनही.

पुढचं तुला तुटक तुटक माहीत आहे. त्याने तो कंपायलर ज्याला हवा त्याला फुकट दिला. कॅसेटी भरून द्यायचा, सोबत स्वतः लिहिलेलं माहितीचं पुस्तक. यंत्र करणारी कंपनी बुडाली, लोकांनी ती यंत्रं माळ्यावर टाकली, नवी घेतली. मला वाटलं, सुटलो. पण माणसांचं काही सांगता येत नाही बघ. वर्षांनी लोक माळे साफ करायला लागले आणि त्यांना आपलं लहानपण सापडायला लागलं. कुठल्याशा देशातल्या एका औषधविक्रेत्याने तुझ्या बाबाचा कंपायलर इंटरनेटवर ठेवला आणि मग जगभरातून पत्रं. कुणी बोटीवरचा स्वयंपाकी, कुणी दाई, कुणी निवृत्त न्यायाधीश. हा सगळ्यांना उत्तरं लिहायचा, सुधारणा करून पुन्हा फुकट वाटायचा. मी म्हणायचे, घरचं झालं थोडं आणि व्याह्यांनी धाडलं घोडं. तो हसायचा. एकदा त्या मंडळींनी त्याला सुचवलं, यंत्रात जागा किती कमी, आणि तुम्ही तो लांबलचक निरोप कशाला ठेवलाय? नुसता आकडा दाखवा, म्हणजे इतर पुष्कळ काही मावेल. तुझा बाबा कुणाला नाही म्हणत नसे. या एका गोष्टीला नाही म्हणाला. मंडळींनी मग आपापल्या भाषेत तो निरोप करून घेतला, आणि आता कुठल्या कुठल्या भाषांमध्ये ती यंत्रं माणसांना विनवतात, पुन्हा सांगशील?

मग मागच्या थंडीत त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात अर्धा परत आला, पाय बराचसा आला, शब्द आले नाहीत. डॉक्टरीणबाई समजावताना म्हणाल्या होत्या, कपाट तेच आहे, सामानही तेच आहे, खण तेवढे बदललेत. पाणी हवं असलं की तोंडून निघायचं 'दार'. चादर म्हणायची तर 'तळमजला'. त्याला स्वतःला ऐकू यायचं की भलतंच निघालं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी तुला लिहिणार नाही. मी सगळं आवरून इथे राहायला आले, आणि आले ती माझा धंदा घेऊन आले. तुला माहीत आहे तुझ्या आत्याने जन्मभर काय केलं. विंगेत उभं राहायचं, हातात संहिता धरायची, आणि नटाची जीभ अडखळली रे अडखळली की शब्द त्याच्या कानात टाकायचा. थांबलेला नट मला बघवत नाही. रंगमंचावरची शांतता मला आगीसारखी भाजते. जित्याची खोड! तो 'दा…' म्हणाला की मी 'पाणी', तो चादरीकडे बघायच्या आत मी 'चादर'. मला वाटायचं केवढी मदत करते आहे मी. महिन्याभरात त्याने तोंड उघडणंच सोडून दिलं. कशाला उघडेल? त्याचं वाक्य संपायच्या आधी मीच ते म्हणून टाकत होते.

आणि रविवारी तुझा फोन. आता रागावू नकोस, मी हे लिहिताना तुझ्यापेक्षा माझ्यावरच जास्त हसते आहे. तू प्रेमानेच विचारायचीस, मला ठाऊक आहे, तुझा आवाज कापत असायचा. 'बाबा, मी कोण? सांग बघू. आठव. नाव काय माझं?' तो काहीतरी म्हणायचा. तू म्हणायचीस, 'नाही बाबा, नीट आठव.' पुन्हा काहीतरी. 'नाही.' अगं, पिटुकले, दिवसभर शाळेत मुलांच्या वह्यांवर लाल फुल्या मारून आलेली तू, फोनवरही तीच पेन्सिल हातात. मी इकडून शब्द कोंबते आहे, तू तिकडून फुल्या मारते आहेस, आणि मधे तो बिचारा. त्याने तोंड फिरवलं ते तुझ्यापासून नव्हे. आपण परीक्षेत नापास होतोय हे लेकीला कळू नये, एवढंच त्यात होतं. मलाही हे तेव्हा कळलं नव्हतं. मलाही वाटलं होतं की तो तुला विसरला.

कळलं ते असं. त्याची पत्रं साठत होती. एके दुपारी मी म्हटलं, निदान वाचून तरी दाखवू. त्यात एका ग्रंथपालबाईंचं पत्र होतं. तिच्या वाचनालयात येणाऱ्या मुलांना ती त्या जुन्या यंत्रावर चित्रं काढायला शिकवते, आणि बाबाच्या कंपायलरमध्ये तिला एक दोष सापडला होता: चित्र मोठं झालं की खालची एक रांग पडद्यावर उमटतच नाही. घराला पाया नाही, घोड्याला खूर नाहीत, असं तिने लिहिलं होतं. ते ऐकून तुझा बाबा खुर्चीत ताठ झाला. किती दिवसांनी मी त्याला ताठ बसलेला पाहिला! त्याने मला खुणेने पाटीपुढे बसवलं. मला! मला टाइपरायटर येत नाही, मोबाइल येत नाही. पण तो बोटाने दाखवत होता आणि मी त्या ग्रंथपालबाईंच्या पत्रातल्या ओळी, एकेक अक्षर शोधून, बडवत होते. बटण दाबलं. आणि पडद्यावर आलं, 'ही ओळ मला कळली नाही. पुन्हा सांगशील?'

मी पुन्हा टाइप केली. पुन्हा तेच आलं. मी चिडले, म्हटलं, अरे ठोंब्या, डोळे आहेत का तुला? पुन्हा केली. पुन्हा तेच, त्याच शांतपणे, त्याच चष्मेवाल्या अक्षरात. तो कंपायलर कंटाळत नव्हता. मला ढ म्हणत नव्हता. मी काय म्हणणार होते ते स्वतःच म्हणून टाकत नव्हता. नुसता थांबला होता. आणि माझ्या मागे आवाज आला, मी दचकून वळून बघते तर तुझा बाबा हसत होता. झटक्यानंतर पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता, आणि त्याला हसताना बघून मलाही हसू आवरेना. त्या निळ्या उजेडात आम्ही दोन म्हातारी माणसं लहानपणी हसायचो तशी, आवाज न करता, पोट धरून हसलो.

मग मी चहा केला. तो कपाकडे बघून म्हणाला, 'दोरखंड.' माझ्या जिभेवर शब्द आला होता, उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढंच बाकी होतं. पण मी आत्ताच त्या यंत्राकडून शहाणी झाले होते. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, हे मला कळलं नाही रे. पुन्हा सांगशील? त्याने माझ्याकडे पाहिलं. कसं पाहिलं म्हणून सांगू! परक्या गावात आपली भाषा ऐकू यावी तसं. आणि मग तो शोधायला लागला. मी थांबले. जन्मभर जे केलं नाही ते केलं, शांततेत उभी राहिले. खाली लिफ्ट गेली, वर आली. शेजारच्यांनी गालिचा झटकला. चहावर साय धरली. आणि मग तो म्हणाला, अगदी हळू, एकेक अक्षर उचलून ठेवत, 'साखर.' साखर घालायची राहिली होती. मी स्वयंपाकघरात गेले आणि साखरेच्या डब्यावर डोकं टेकून रडले. आनंदाने रडले, स्पष्टच सांगते.

आता गैरसमज करून घेऊ नकोस, काही चमत्कार झालेला नाही. दहा शब्दांतले सात भलतेच येतात. औषधाला तो 'वजन' म्हणतो आणि शेजारच्या काकूंना तोंडावर 'गंजलेली' म्हणाला. त्यात चूक किती आणि खरं किती हे मी त्यांना समजावत बसले नाही. मला तो 'कप्पी' म्हणतो. लिफ्टचा दोर जिच्यावरून जातो ती कप्पी. एवढ्या वर्षांत आक्का म्हणून त्याने हाक मारली नसेल इतक्यांदा आता दिवसाला कप्पी म्हणतो. पण तो बोलतो, पिटुकले. सकाळपासून बोलतो. मी घाई करत नाही, पुरवत नाही, 'नाही' म्हणत नाही. कळलं नाही तर कळलं नाही म्हणते. तो पुन्हा शोधतो, कधी सापडतं, कधी नाही. नाही सापडलं तर हात हलवून म्हणतो, जाऊ दे. हे 'जाऊ दे' मात्र दर वेळी अचूक येतं. आणि ग्रंथपालबाईंचा दोष त्याने शोधून काढला. कितीतरी दुपारी आम्ही त्या ओळी वर-खाली केल्या, मी अर्धी झोपेत, तो पुरता जागा. एका दुपारी त्याचं बोट एका ओळीवर थांबलं ते उचलेचना. तिथे रांगा मोजताना एक कमी धरली गेली होती. त्याने खुणेने दाखवलं, मी बदललं. बाईंचं पत्र आलं, घोड्यांना खूर आले, मुलं तुमचे आभार मानतात. शब्द गेलेल्या माणसाने हे केलं. त्याचं आत सगळं जागच्या जागी आहे, तूसुद्धा.

तुझा निरोप आला त्या रविवारी मी त्याला काही सांगितलं नाही. नेहमीच्या वेळेला तो न्हाऊन आला, डाव्या हाताने भांग पाडला, कॉलर नीट केली आणि फोनशेजारी येऊन बसला. दर रविवारी तो हेच करत आला आहे, तुला फोनवर दिसत नव्हतं एवढंच. फोन वाजला नाही. तो बसून राहिला. मी जेवायला हाक मारली तर हाताने थांब म्हणाला. भिंतीवरचं ऊन सरकत सरकत दारापर्यंत गेलं तरी बसून होता. त्या दिवशी त्याने टीव्ही लावला नाही. विसरलेला माणूस असं करत नाही गं.

आज सकाळी मी दूध घेऊन आले तर टीव्हीपुढचं टेबल रिकामं. बघते तर तुझा बाबा दाराजवळच्या स्टुलावर बसलेला, इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, एका बुटाची नाडी सुटी, कारण उजव्या हाताने अजून गाठ बसत नाही. मांडीवर त्याचा कॉम्प्युटर, स्वतःच्या लोकरी स्वेटरात गुंडाळलेला. मी विचारलं, दवाखान्यात जायचंय? त्याने मान हलवली, नाही. मी म्हटलं, मग मला कळलं नाही. पुन्हा सांगशील? त्याने खूप शोधलं. घाम आला त्याला. शब्द आलाच नाही. मग त्याने हात जमिनीपासून थोडा वर धरला, दाराच्या कडीला जेमतेम हात पोचणाऱ्या पोरीएवढा. आणि तिथून तो हात हळूहळू वर नेत गेला, वर, आणखी वर, आपल्या खांद्याच्याही वर, जिथे आता तुझं डोकं येतं तिथपर्यंत नेऊन थांबवला, आणि माझ्याकडे बघत राहिला. म्हणून हे पत्र, पिटुकले. आम्ही येतो आहोत. शनिवारच्या गाडीची तिकिटं मी काढली. तोवर बूट काढ म्हटलं तर ऐकत नाही. आत्तासुद्धा बूट घालूनच झोपलाय. हे पत्र आमच्या आधी पोचावं आणि तू ते नीट वाचावंस, एवढ्यासाठी घाईने लिहिलं. शनिवारी तू दार उघडशील तेव्हा तो तुला हाक मारेल. गाडीत बसल्यापासून तो तीच शोधत येणार आहे. जी सापडेल ती तुझं नाव नसेल. कदाचित ती लिफ्टच्या एखाद्या खिळ्याची असेल, वंगणाची असेल, काहीही असेल. दुरुस्त करू नकोस. ओ दे.

तुझीच,
आत्या